काम सोडू का, मॅडम?



आपल्यातल्या कोणी तालुक्याच्या कापड दुकानात जातात, कोणी जिनिंगमध्ये, कोणी दवाखान्यात साफसफाईला. बैठक उठली की एखादी मागे थांबते आणि हळूच विचारते, "मॅडम, काम सोडून देऊ का? सकाळी निघतानाच पोटात गोळा येते." घरी विचारलं तर एकच उत्तर मिळतं: आहे ते धरून ठेव. मी तसं म्हणत नाही. रागाच्या भरात सोडा, असंही म्हणत नाही.

आधी त्रास कशाचा आहे ते पाहा. घरी कॅलेंडर असेल तर महिनाभर रोज रात्री त्यावर खूण करा. दिवस बरा गेला तर टिंब, वाईट गेला तर फुली. फुल्या फक्त सणासुदीच्या गर्दीत असतील तर तो हंगामाचा ताण आहे. एकाच माणसाची पाळी असते त्या दिवशी असतील तर पाळी बदलून मागा. पण महिनाभर नुसत्या फुल्याच दिसत असतील, तर ते काम तुमचं राहिलेलं नाही.

एका बाबतीत मात्र महिनाभर थांबायचं नाही. कोणी अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल तर ती गोष्ट सहन करायची नसते. यासाठी 2013 चा कायदा आहे. दुकानात दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते. ती साधारण तीन महिन्यांच्या आत करावी लागते. 181 हा महिलांच्या मदतीचा नंबर पाठ करून ठेवा.

आता पैशाचं. समजा पगार 6,000 रुपये आहे. एसटीत मार्च 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, तरी जाण्यायेण्याचे रोज 40 धरले तर 26 दिवसांचे 1,040 होतात. चहापाणी आणि खाड्याचे 500 धरा. हातात राहिले 4,460. म्हणजे नव्या कामातून 6,000 नाही, 4,460 सुटले तरी घर आहे तसंच चालेल. हा आकडा पाहिला की अर्धी भीती जाते.

उलटी चूकही होते. शेवयांचे 3,000 आले की आपण म्हणतो, 3,000 कमावले. त्यातून गहू, दळण, पिशव्या, गाडीभाडं वजा करा. उरेल ती कमाई.

म्हणून नवीन काम आधी सुट्टीच्या दिवशी करून पाहा, दोन-तीन महिने तरी. जाऊ, नणंद, शेजारीण एकदा घेतातच. अनोळखी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं की समजा, धंदा उभा राहू शकतो. पुणे जिल्ह्यातल्या खुटबावच्या कमलताई परदेशी शेतमजुरी करायच्या. त्यांनी बायकांचा गट करून मसाले सुरू केले आणि 'अंबिका मसाले' हे नाव दूरपर्यंत पोचलं. 2024 च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. मसाला रोज लागतो, त्यामुळे तेच गिऱ्हाईक परत येतं. आणि त्या एकट्या नव्हत्या.

सोडायचा महिनाही पाहावा लागतो. आपल्या यवतमाळात पैसा कापसाच्या मागे चालतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचणी असते, लोकांच्या हातात रोकड असते. जून-जुलैत सगळं बियाण्यात, खतात आणि लेकरांच्या शाळेत जातं. त्या दिवसांत दुकान मांडलं तर बाप्पा, सगळे उधारीच मागतील! पगार पावसाळ्यात चालू ठेवा आणि नव्या कामाची सुरुवात दसऱ्याच्या आसपास करा.

फायनान्स कंपनीचे हप्ते चालू असतील तर तीन महिन्यांचे हप्ते बाजूला पडल्याशिवाय राजीनामा नको. नव्या कामाला पैसा लागला तर आधी गटातून अंतर्गत कर्ज मागा. तिथे निदान अडचण समजून घेणाऱ्या आपल्याच बाया असतात.

निघताना भांडून निघू नका. राहिलेला पगार मागा. पीएफ कापला जात असेल तर त्याचा यूएएन नंबर लिहून घ्या. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीही विचारा. चार महिने कमी पडत असतील तर मी तरी तेवढे काढून घेईन.

दारव्ह्याकडच्या एका ताईंनी असाच हिशेब मांडला. त्यांनी दुकान अजून सोडलेलं नाही. रविवारी ब्लाउज शिवतात, आणि नव्या शिलाईतून महिन्याला किती सुटतात ते वहीत लिहून ठेवतात. दिवाळीनंतर ठरवू म्हणतात.

कोणाला स्वतःचा हिशेब मांडायचा असेल तर पुढच्या मासिक बैठकीला अर्धा तास आधी या, आपण सोबत बसू. लिहिता येत नसेल तरी काही अडत नाही, खडे मांडूनही हिशेब होतो.