एजियन समुद्रातील लहान बेटे आणि त्यांची बोट

ग्रीसच्या मुख्य भूमीभोवती लहानमोठी सुमारे 6,000 बेटे विखुरलेली असून त्यांपैकी केवळ 227 बेटांवर मनुष्यवस्ती असल्याचे ग्रीक पर्यटन खात्याकडून सांगितले जाते. क्रीट, ऱ्होड्स, कॉर्फू अशा मोठ्या बेटांना विमानतळ आहेत आणि तेथील जीवन पुष्कळ अंशी मुख्य भूमीवरील शहरांसारखेच चालते. परंतु ज्या बेटावर दीडदोनशे माणसे राहतात तेथे शाळेचा शिक्षक, दवाखान्यातील डॉक्टर, पीठ, सिमेंट, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या, टपाल आणि सुट्टीत घरी परतणारी मुले हे सारे एकाच मार्गाने येते, आणि तो मार्ग म्हणजे फेरीबोट. उन्हाळ्यात येणारा पर्यटक या बोटीकडे निळ्या समुद्रावरील सहलीचे साधन म्हणून पाहतो. तिचे खरे महत्त्व मात्र नोव्हेंबर ते मार्च या काळात कळते, कारण बेटावर कायम राहणे शक्य आहे की नाही हे त्या काळातील वेळापत्रक ठरवते.

एजियन समुद्रातील बहुतेक मोठ्या फेरीबोटी अथेन्सच्या पिरीअस या बंदरातून सुटतात. राफिना आणि लाव्रिओ ही त्याच परिसरातील दोन लहान बंदरे काही मार्ग सांभाळतात. एकोणिसाव्या शतकात चित्र वेगळे होते. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात खिऑस आणि प्सारा या बेटांवरून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांनी सीरॉस बेटावर एर्मूपोली हे नगर वसवले, ते काही दशकांतच देशाचे प्रमुख व्यापारी बंदर बनले आणि 1856 साली ग्रीसची पहिली आगबोट कंपनी तेथेच स्थापन झाली. पुढे पिरीअस वाढले व बोटींचे केंद्र तिकडे सरकले. आज पिरीअसहून सकाळी निघालेली मोठी बोट पॅरॉसमार्गे साधारण साडेपाच तासांत नॅक्सॉसला पोहोचते आणि पुढे सँटोरीनीकडे जाते; परंतु या राजमार्गाच्या बाजूला असलेल्या बेटांसाठी नॅक्सॉसला उतरून दुसरी, पुष्कळच लहान बोट धरावी लागते.

नॅक्सॉसच्या दक्षिणेस व पूर्वेस इराक्लिआ, स्खिनूसा, कूफोनीसी आणि दोनूसा ही चार वस्तीची बेटे आहेत, आणि त्यांच्या पलीकडे अमॉर्गॉस हे लांबट, डोंगराळ बेट आहे. चार बेटांच्या या समूहाला लहान सिक्लाडीज म्हणतात. त्यांतील प्रत्येकावर फार तर काही शे माणसे राहतात. कूफोनीसीचे लोक मासेमारीसाठी, तर स्खिनूसाचे लोक पिवळ्या डाळीच्या पिकासाठी ओळखले जातात. ही बेटे जोडण्याचे काम अनेक दशके अमॉर्गॉसमधील स्कोपेलीतीस कुटुंबाच्या बोटीने केले असून ‘एक्सप्रेस स्कोपेलीतीस’ हे तिचे नाव संपूर्ण सिक्लाडीज द्वीपसमूहात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. ही बोट रात्री अमॉर्गॉसच्या कातापोला बंदरात थांबते, पहाटे निघून बेटाबेटांवरचे प्रवासी घेत नॅक्सॉसला येते आणि दुपारी त्याच मार्गाने परत फिरते. या क्रमामागे बेटवासीयांची सोय आहे: सकाळी निघालेल्या माणसाला नॅक्सॉसमध्ये बँक, सरकारी कचेरी, दवाखाना किंवा बाजार अशी कामे आटोपून त्याच दिवशी घरी परतता येते. मोठ्या बोटीचे वेळापत्रक राजधानीकडे पाहून आखलेले असते, या लहान बोटीचे वेळापत्रक मात्र बेटावरून पाहून आखलेले आहे, आणि हाच तिचा सर्वांत मोठा गुण मानला पाहिजे.

नकाशावर हा प्रवास किरकोळ वाटतो. समुद्रावर तो तसा नसतो, आणि याचे कारण मेल्टेमी हा वारा. जुलै-ऑगस्टमध्ये सर्वाधिक जोर असलेला हा कोरडा उत्तरी वारा प्राचीन काळापासून परिचित असून ग्रीक लेखक त्याला ‘वार्षिक वारे’ या अर्थाच्या नावाने ओळखत असत. डिमॉस्थिनीझ या वक्त्याने इ. स. पू. चौथ्या शतकात अथेन्सच्या नागरिकांना बजावले होते की, मॅसिडोनियाचा राजा फिलिप या वाऱ्यांचा किंवा हिवाळ्याचा मोसम साधूनच चाल करतो, कारण त्या काळात अथेन्सच्या नौकांना उत्तरेकडे जाता येत नाही. या वाऱ्याचा भारताशीही संबंध आहे. उन्हाळ्यात भारतीय उपखंडावर तयार होणाऱ्या मोसमी कमी दाबाच्या क्षेत्राची एक शाखा इराण-इराकवरून पश्चिमेस तुर्कस्तानच्या अनातोलिया पठारापर्यंत पसरते, त्याच वेळी बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो, आणि दाबातील या फरकामुळे एजियन समुद्रावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे वारा वाहू लागतो. मोसमी पावसाच्या प्रदेशात वर चढलेल्या हवेचा परिणाम म्हणून पूर्व भूमध्य समुद्रावर हवा खाली उतरते आणि तेथे ढग तयार होत नाहीत. त्यामुळे कोकणात धुवाधार पाऊस कोसळत असतो त्या दिवसांत एजियनवर आभाळ निरभ्र असते व तरीही समुद्र खवळलेला असतो. स्वच्छ ऊन पाहून समुद्र शांत असेल असा अंदाज बांधणाऱ्या परदेशी प्रवाशाची फसगत होते ती यामुळेच.

नॅक्सॉसवरील झास हा पर्वत सुमारे 1,000 मीटर उंच असून बेटाच्या या उंच कण्यामुळे दक्षिणेकडील इराक्लिआ, स्खिनूसा व कूफोनीसी यांच्या भोवतीच्या पाण्याला उत्तरेच्या लाटांपासून आडोसा मिळतो. दोनूसा मात्र या आडोशाच्या बाहेर, पूर्वेकडे एकटे पडलेले आहे. तिकडे जाताना लाटा बोटीच्या कुशीवर येतात, लहान बोट दोन्ही अंगांवर झुलू लागते, आणि सराईत बेटवासी त्याआधीच डेकच्या मधल्या भागात, जेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, तेथे जाऊन बसलेले असतात.

वाऱ्याचे मोजमाप ग्रीसमध्ये बोफर्ट श्रेणीने केले जाते. ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी 1805 साली मांडलेली ही शून्य ते बारा अशी श्रेणी बेटांवरच्या किराणा दुकानातही रोजच्या बोलण्यात असते. वारा साधारणपणे आठ बोफर्टवर, म्हणजे ताशी 62 ते 74 किलोमीटरवर पोहोचला की बंदर अधिकारी बोटी सोडण्यास मनाई करतात. बोटीचा प्रकार व सागरी क्षेत्र यांनुसार ही मर्यादा बदलते आणि वेगवान हलक्या बोटी त्याहून आधीच थांबवल्या जातात. मनाई उठेपर्यंत बेट जगापासून तुटलेले असते. म्हणूनच परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्सला पोहोचावे, हा सल्ला प्रत्येक जाणकार देतो आणि तो पाळण्यासारखाच आहे.

बोट धक्क्याला लागण्याची पद्धतही लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. लहान बंदरात संपूर्ण बोट आडवी लावण्याइतका लांब धक्का नसतो, त्यामुळे कप्तान काही अंतरावर नांगर टाकतो, बोट फिरवून तिची पाठ किनाऱ्याकडे करतो आणि नांगराची साखळी सैल सोडत उलट्या दिशेने धक्क्यापाशी येतो. मागचा अवजड लोखंडी दरवाजा खाली येऊन त्याचाच उतरता पूल होतो, किनाऱ्यावरील माणसे दोरखंड खुंट्यांना अडकवतात, आणि पुढच्या अवघ्या काही मिनिटांत माणसे, ट्रक, भाजीची खोकी व सायकली दोन्ही दिशांनी ये-जा करतात. बाजूने जोराचा वारा असताना शेकडो टन वजनाचे जहाज अशा रीतीने जागच्या जागी धरून ठेवणे हे मोठ्या कौशल्याचे काम आहे. प्रवाशांनी बंदर येण्याआधीच खालच्या वाहनतळावर जमून तयार राहावे अशी अपेक्षा असते, कारण बोट कोणासाठी थांबत नाही. सामानाच्या फळ्यांवर बेटांची नावे लिहिलेली असतात व ज्याने त्याने आपल्या बेटाच्या फळीवर सामान ठेवायचे असते. याखेरीज अगदी जवळच्या किनाऱ्यांदरम्यान, उदाहरणार्थ पॅरॉस आणि अँटिपॅरॉस यांच्यामध्ये, पुढून उघडणाऱ्या सपाट तळाच्या उघड्या बोटी चालतात. दाभोळ-धोपावे फेरीबोट पाहिलेल्या वाचकाला त्या लगेच ओळखीच्या वाटतील.

या व्यवस्थेला दुःखद इतिहासही आहे. 8 डिसेंबर 1966 रोजी क्रीटहून पिरीअसकडे निघालेल्या ‘हेराक्लिऑन’ या बोटीत, वादळी समुद्रात, एक शीतपेटीचा ट्रक सुटून वाहनांच्या दरवाजावर आदळला, दरवाजा फुटून पाणी आत शिरले आणि 200हून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर क्रीटमधील सामान्य लोकांनी धर्मगुरूंच्या पुढाकाराने आपापली बचत एकत्र करून 1967 साली स्वतःची नौवहन कंपनी उभारली, ही ग्रीक सार्वजनिक जीवनातील विलक्षण घटना होय. 26 सप्टेंबर 2000च्या रात्री ‘एक्सप्रेस सामिना’ ही 1966 साली बांधलेली बोट पॅरॉसजवळच्या, दिवा असलेल्या आणि नकाशावर ठळकपणे दाखवलेल्या खडकावर आदळून बुडाली. जलरोधक दरवाजे उघडे होते, सुकाणूवर पुरेसे लक्ष नव्हते. त्या अंधारात पॅरॉसचे मच्छीमार आपल्या लहान होड्या घेऊन गेले नसते तर 80हून अधिक असलेला मृतांचा आकडा कितीतरी वाढला असता.

या दुर्घटनेनंतरच्या वर्षी ग्रीसने किनारी नौवहन खुल्या स्पर्धेस मोकळे करणारा कायदा केला. युरोपीय संघाचा तसा नियम 1992पासूनच होता, परंतु ग्रीसला बेटांच्या प्रश्नामुळे दीर्घ सवलत मिळाली होती. स्पर्धेमुळे सँटोरीनीसारख्या नफ्याच्या मार्गांवर बोटींची गर्दी झाली. दोनूसासारख्या बेटाकडे मात्र हिवाळ्यात स्वतःहून कोणतीही कंपनी जाणार नाही, कारण चार प्रवासी आणि दोन ट्रक यांच्या भाड्यातून इंधनाचाही खर्च निघत नाही. अशा मार्गांना ग्रीक लोक ‘नापीक मार्ग’ म्हणतात. राज्य त्यांच्यासाठी निविदा काढते, ठरावीक फेऱ्या करण्याचे बंधन घालते आणि तूट भरून देते. शिवाय 2018पासून बेटवासीयांना समुद्रप्रवासाचा अधिक पडणारा खर्च परत देण्याची योजना सुरू झाली असून, तेवढ्याच अंतराच्या रस्त्यावरील प्रवासापेक्षा बेटावरील माणसाला जास्त पैसे मोजावे लागू नयेत, हे तिचे तत्त्व आहे. या खर्चाला उधळपट्टी म्हणणारे लोक आहेत. पण डोंगरातील खेड्यापर्यंत रस्ता नेताना त्या रस्त्यातून किती नफा होईल असे कोणी विचारत नाही, आणि बेटासाठी बोट म्हणजेच रस्ता आहे.

उन्हाळ्यात, विशेषतः 15 ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला, हे चित्र पार पालटते. टीनॉस बेटावरील प्रसिद्ध देवालयाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंनी आणि आपापल्या मूळ गावी निघालेल्या कुटुंबांनी बोटी ओसंडून वाहतात, व त्या आठवड्यात आधी तिकीट न काढलेल्याला जागा मिळणे कठीण होते. नफ्याच्या मार्गांवर या दिवसांत वेगवान बोटी निम्म्या वेळात पोहोचवतात, परंतु त्यांचे भाडे पुष्कळ अधिक असते, बहुतेकींवर उघडा डेक नसतो आणि वारा वाढला की प्रथम त्याच रद्द होतात. ज्याला बेटे जवळ येताना आणि दूर जाताना पाहायची आहेत त्याने जुन्या पद्धतीची संथ बोटच निवडावी.

बेटांपुढील आजचा प्रश्न बोटींच्या वयाचा व इंधनाचा आहे. 1 मे 2025पासून भूमध्य समुद्रात जहाजांच्या इंधनातील गंधकाचे प्रमाण 0.1 टक्क्यापर्यंत मर्यादित करण्यात आले असून हे स्वच्छ इंधन अधिक महाग आहे. हवेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे, परंतु त्याचा भार नापीक मार्गांवर सर्वाधिक जाणवतो, कारण तेथे वाढीव खर्च वाटून घ्यायला पुरेसे प्रवासीच नाहीत. नवी बोट बांधायची तर ती आखूड धक्क्यांना आणि उथळ खाड्यांना पेलेल एवढी लहान, आणि दोनूसाच्या वाटेवरील जानेवारीच्या लाटांना तोंड देईल एवढी भक्कम असावी लागते. अशी बोट मोठ्या संख्येने बांधली जात नाही, म्हणून तिची किंमत जास्त पडते. आणि ती किंमत केवळ कंपनीने किंवा केवळ प्रवाशाने सोसणे शक्य नसल्यामुळे, कोणत्या बेटाला हिवाळ्यात आठवड्याला किती फेऱ्या मिळणार हे अखेरीस अथेन्समधील अर्थसंकल्प ठरवतो.