वयात येताना (भाग ५) : ही बातमी तिची

रायपूरच्या उत्तरेला, उरला औद्योगिक वसाहतीला चिकटून बीरगांव आहे. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने आणि त्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती. नागपूर-गोंदिया-रायपूर अशी सरळ रेल्वे असल्याने विदर्भातून कामासाठी इकडे येणं नवं नाही. भाड्याच्या दोन खोल्या, त्यात आईबाबा, आजी, धाकटा भाऊ आणि अकरा-बारा वर्षांची मुलगी, असं एखादं घर समोर ठेवून आजचा भाग लिहिते आहे. स्वतंत्र खोली असलेल्या मुलीबद्दल सल्ला देणं सोपं असतं. इथे संडास सामायिक, गच्ची सामायिक आणि बोललेलं भिंतीपलीकडे ऐकू जातं.

आधी वेळेचं बोलू. मागच्या भागात पाहिलं, की छाती भरू लागल्यापासून साधारण दोन ते अडीच वर्षांत पाळी येते. पांढरं जाणं त्याच्या काही महिने आधी सुरू होतं. म्हणजे शरीर पुरेशी आगाऊ सूचना देतं. आपणच ती वाचत नाही. बहुतेक मुलींना बारा-तेराच्या सुमारास पाळी येते, कुणाला दहाव्या वर्षीही. एनसीईआरटीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा धडा वर्षानुवर्षं आठवीत होता. तोवर निम्म्या वर्गाला धडा शिकण्याआधीच अनुभव आलेला असायचा. तेव्हा शाळेच्या भरवशावर राहू नका. नववं-दहावं वर्ष लागलं की घरातच सांगा, आणि एकदाच बसवून प्रवचन देण्यापेक्षा भाजी निवडता निवडता थोडं थोडं सांगा. गर्भाशयात दर महिन्याला एक अस्तर तयार होतं, गर्भ राहिला नाही की ते रक्ताबरोबर गळून पडतं. हे रक्त जखमेचं नाही. पहिल्या वेळी ते लाल असेलच असं नाही, तपकिरी डागही असू शकतो. हे माहीत नसलेल्या मुलीला आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटतं आणि ती निकर धुऊन गप्प राहते.

दप्तरात एक छोटी पिशवी ठेवायची: दोन पॅड, एक जादा निकर, थोडा जुना कागद. पॅड निकरला कसं चिकटवायचं हे एकदा हातात देऊन दाखवा. आपल्याला ते इतकं सरावाचं झालेलं असतं, की त्यात शिकवण्यासारखं काही आहे हेच सुचत नाही. दर चार ते सहा तासांनी ते बदलायचं, डाग असो वा नसो. रायपूरच्या मे महिन्यात हे फारच जपावं लागतं, कारण घाम आणि ओल मिळून मांड्या सोलवटतात. पैशाचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड २०१९ च्या ऑगस्टपासून एक रुपयाला एक मिळतं.

कापड वापरण्यात कमीपणा काही नाही. सुती कापड आधी गार पाण्यात धुवावं, मग साबण लावावा आणि कडक उन्हात वाळवावं. उरला-सिलतरा पट्ट्यात मात्र एक वेगळी अडचण आहे. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते, ही इथली जुनी तक्रार. कापडावर पातळ ओढणी पसरली तरी ऊन लागतं आणि धूळही बसत नाही. लाजेपोटी कोपऱ्यात, इतर कपड्यांखाली दडवून वाळवलेलं दमट कापड मात्र वापरू नये.

आता मुख्य मुद्दा. पाळी आली, कुणाला सांगायचं?

आपल्याकडे याचं उत्तर फार काळ मुलीला न विचारताच दिलं गेलं. न्हाण आलं की मखरात बसवायचं, ओटी भरायची, बायका बोलावून गाणी म्हणायची. हौस होती, नाही म्हणत नाही. पण ज्या काळात मुलीचं लग्न आधीच झालेलं असे, त्या काळात ही दवंडी सासरी पाठवण्याची होती. १८९१ मध्ये सरकारने संमतिवय दहावरून बारावर नेलं, तेव्हा विरोधकांचा मोठा आक्षेप हाच होता, की पहिल्या ऋतूनंतर करायच्या गर्भाधान संस्कारात कायदा आडवा येतो. टिळक विरोधात उभे राहिले, आगरकर बाजूने. दोन वर्षांचं अंतर, आणि त्यावरून महाराष्ट्र पेटला होता. वादाच्या मधोमध जी मुलगी होती, तिचं मत कुणी मागितल्याचं दिसत नाही.

पुढे उत्सव गेला आणि त्याच्या जागी दबका आवाज आला. ‘बाजूला बसली’ एवढं म्हटलं की सगळ्या चाळीला कळायचं. रायपूरहून दक्षिण-पश्चिमेला, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोलीत माडिया वस्त्यांमध्ये पाळीच्या दिवसांत बायका गावाबाहेरच्या कुर्माघरात राहतात. तिथे तर झोपडीच सांगते. शहरातली शाळाही मागे नाही. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींची तपासणी करण्यात आली. मुख्याध्यापिकेला अटक झाली, गुन्हा पोक्सोखाली नोंदला गेला. एक डाग कुणाचा, हे शोधण्याचा अधिकार मोठ्यांना आहे असं त्या शाळेत कुणालातरी मनापासून वाटलं, हे मला त्या प्रकरणात सर्वांत भीषण वाटतं.

म्हणून पहिल्या दिवशी तिला विचारा: आजीला सांगू? बाबांना? मावशीला फोन करू? गोड करायचं का? ‘नको’ म्हणाली तर नको. हौसेने हलवा केलात आणि तिने तो रडत खाल्ला, तर तो तुमचा सण झाला, तिचा नाही. देवघराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही स्वतः जे पाळता ते पाळा, पण पहिल्याच महिन्यात तिचं ताट आणि अंथरूण वेगळं करू नका. आंघोळ, खेळ, लोणचं, शाळा, कशालाच वैद्यकीय आडकाठी नाही.

तब्येतीचं थोडं सविस्तर सांगते. पहिली एक-दोन वर्षं पाळी अनियमित असते. दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, मध्ये एखादा महिना चुकतोही. सुरुवातीला बहुधा फार दुखत नाही, कारण स्त्रीबीज अजून नियमित सुटत नसतं. सहा महिने-वर्षाने दुखू लागलं तर दचकू नका, पण ‘सगळ्यांनाच दुखतं’ म्हणून सोडूनही देऊ नका. गरम पाण्याची पिशवी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी यांनी आराम पडला नाही आणि दर महिन्याला शाळा बुडू लागली, तर दाखवायलाच हवं. तासाला एक पॅड भिजत असेल, रक्त सात दिवसांहून जास्त जात असेल, पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तरीही दाखवा.

छत्तीसगड आणि विदर्भ, दोन्हीकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्यातल्या बऱ्याच जणींना लोहाची गोळी पुरते. पण गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, सांधे दुखत असतील, डोळे पिवळट दिसत असतील, तर पाळीला दोष देत बसू नका. सिकलसेलची तपासणी करून घ्या. वस्तीतल्या आरोग्यसेविकेला, म्हणजे मितानिन दीदीला, विचारलं तर ती वाट दाखवते, आणि पुढच्या तपासण्यांसाठी रायपुरात मेकाहारा हे सरकारी रुग्णालय आहे, एम्स आहे.

राहता राहिले बाबा. दोन खोल्यांच्या घरात त्यांना न सांगताही कळतं. लेकीने स्वतःहून सांगितलं नसेल तर विषय काढू नका. पाकीट संपत आलं की नवं आणून ठेवा.