मंगोलियाच्या माळावरील वाडगा

२०१८ सालीं इर्कुत्स्क सोडल्यावर आमची गाडी बैकल सरोवराच्या दक्षिण तीरानें धांवूं लागली. १,६४२ मीटर खोलीचें हें सरोवर जगांत सर्वांत खोल. तें न्याहाळतांना खोलींतील पोलिश दांपत्याशीं आम्हां उभयतांचा स्नेह जडला, व उलानबातरहून एकच मोटार ठरवून आम्ही चौघे माळरानांत शिरलों. तेथें रस्ता असा नाहींच, चाकोऱ्या तेवढ्या. एका मेंढपाळाच्या ‘गेर’मध्यें, म्हणजे थापलेल्या लोंकरीच्या गोल तंबूंत, यजमानानें घोडीच्या आंबविलेल्या दुधाचा वाडगा पुढें केला. तें किंचित् मादक, आम्हांस वर्ज्य. पण साफ नाकारणें म्हणजे यजमानाचा अवमान! वाटाड्यानें तोड सांगितली : उजव्या हातानें घ्यावें, ओठांस लावावें, परत द्यावें. तसें केलें, यजमान प्रसन्न दिसले. पोलिश गृहस्थांनीं मात्र आपला वाडगा मोठ्या प्रीतीनें रिता केला, आणि दुसराही मागितला.