कुंभारीण, पाऊस आणि विमानाची नळी

गावाकडचं घर महिनाभर बंद ठेवून परत गेलं की कुलपाच्या भोकात किल्ली शिरत नाही, हा अनुभव पुष्कळांना असेल. आत कुंभारिणीने घर केलेलं असतं. बारीक कमरेची ही माशी ओल्या मातीच्या गोळ्या आणून भोक लिंपते, पिल्लांसाठी आत किडे भरते, अंडं घालते आणि तोंड बंद करून निघून जाते. छोट्या विमानाच्या पंखाखालची पिटो नळी म्हणजे तिच्या लेखी असंच एक तयार भोक.

१७३२ मध्ये आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजायला अशी नळी वापरली. विमानात तिचं तोंड समोर असतं आणि येणाऱ्या वाऱ्याचा दाब ती घेते. विमानाच्या अंगावर स्टॅटिक पोर्ट नावाचं बारीक छिद्र असतं, ते नुसता भोवतालच्या हवेचा दाब घेतं. या दोन दाबांतल्या फरकावर वेगमापकाचा काटा फिरतो.

सर्वांत घातक गैरसमज असा, की नळी बुजली तर काटा शून्यावर पडेल आणि वैमानिकाला लगेच कळेल. पुढचं तोंड बुजलं आणि पाणी निघून जाण्याचं छोटं छिद्र उघडं राहिलं, तर तसं होतं खरं. पण दोन्ही बुजली, की नळीत जुना दाब कोंडून राहतो. विमान वर चढतं तसा बाहेरचा दाब कमी होतो, फरक वाढतो आणि काटा वाढता वेग दाखवू लागतो. प्रत्यक्षात वेग घटत असला तरीही. वैमानिक नाक आणखी वर करतो, आणि पंखांची उचल संपते.

६ फेब्रुवारी १९९६ च्या रात्री डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून निघालेल्या बर्गनएअरच्या बोइंग ७५७ चं हेच झालं. कॅप्टनचा वेगमापक चालत नाही, हे धावपट्टीवरच लक्षात आलं होतं. तरी उड्डाण झालं. चढताना तोच काटा भलता वेग दाखवू लागला, ऑटोपायलटने त्यावर विसंबून नाक वर केलं, विमान समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. पिटो नळ्या सापडल्या नाहीत. पण विमान सुमारे तीन आठवडे उभं होतं, नळ्यांवर आवरणं नव्हती आणि त्या भागात कुंभारिणी भरपूर, म्हणून मातीचं घरटं हेच संभाव्य कारण तपासात मानलं गेलं.

यावरून लोकांनी दुसरा गैरसमज करून घेतला: विमान बरेच दिवस उभं असेल तरच आवरण घालायचं. ब्रिस्बेन विमानतळाने तो खोटा पाडला. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे जेमतेम दोन तास थांबलेल्या एअरबस ए३३० च्या नळीत माशीने घरटं केलं आणि वेगाचे आकडे जुळेनात, म्हणून विमान परत उतरवावं लागलं. पुढे संशोधकांनी त्रिमितीय छपाईने हुबेहूब नळ्या तयार करून विमानतळावर लावल्या, तर ३९ महिन्यांत त्या ९३ वेळा पूर्ण बुजवलेल्या आढळल्या. तेव्हा गोंदिया किंवा धुळ्याला प्रशिक्षणाचं विमान दोन फेऱ्यांच्या मधे जेवणापुरतं उभं राहत असलं, तरी आवरण घालावं, असं माझं ठाम मत आहे.

नळी तापवायची सोय असते, तिने घरटं जळून जाईल असंही काहींना वाटतं. ती उष्णता बर्फासाठी आहे. माती तिने भाजून विटेसारखी घट्ट होईल. तोंडाने फुंकर मारणं तर त्याहून वाईट, कारण आतलं उपकरण नाजूक असतं. मेकॅनिकने उपकरणाकडची जोडणी सोडवूनच नळी साफ करायची असते.

आणि छिद्र बुजवायला हाती येईल ती चिकटपट्टी? ऑक्टोबर १९९६ मध्ये लिमाहून निघालेल्या एअरोपेरूच्या ७५७ चे स्टॅटिक पोर्ट धुण्यापूर्वी पट्टीने झाकले होते. पट्टी विमानाच्या पत्र्यासारख्याच रंगाची होती, ती काढायची राहिली. उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसू लागले, ७० जणांचा जीव गेला. आवरणाला लाल फीत लोंबते ती यासाठी: घालण्याइतकंच ते काढणंही महत्त्वाचं.

पावसाबद्दल भीती असते ती नळीत पाणी शिरेल याची. उडताना आत आलेले थेंब खालच्या छिद्रातून निघून जातात. धूळ आणि ओल मिळून ते छिद्र चिखलाने बंद झालं, तर मात्र गडबड. पावसाचा जास्त धोका मला टाकीत वाटतो. इंधन भरायच्या झाकणाचं रबर जुनं झालं की पंखावर साचलेलं पाणी आत झिरपतं. पेट्रोलपेक्षा जड म्हणून ते तळाशी बसतं. म्हणून उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून पारदर्शक पेल्यात नमुना काढतात. पेल्यात पाण्याची रेघ दिसली नाही म्हणजे इंधन शुद्ध, असं धरून चालू नये. पेला सगळाच पाण्याने भरला असेल तर रेघ कुठून दिसणार? १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं. निळा रंग आणि पेट्रोलचा वास, दोन्ही मिळाले पाहिजेत.

टाकीला हवा घेण्याची नळीही असते. सेसना १७२ मध्ये ती डाव्या पंखाखाली, आधाराच्या दांड्यामागे बाहेर आलेली दिसते. ती किड्याने बुजवली, तर वापरलेल्या इंधनाच्या जागी हवा येत नाही, प्रवाह मंदावतो आणि टाकीत पेट्रोल असूनही इंजिन बंद पडू शकतं. विमानाभोवती फेरी मारताना तिच्यावरून नजर सहज निसटते, म्हणून मुद्दाम वाकून बघायची.

हे सगळं करूनही शेवटची तपासणी धावपट्टीवर होते. विमान पळू लागलं की वैमानिक मोठ्याने म्हणतो, ‘एअरस्पीड अलाइव्ह’, म्हणजे काटा हलला. काटा हलला नाही, तर थ्रॉटल मागे ओढायचा, ब्रेक लावायचा आणि परत येऊन नळीत डोकवायचं.