तूर आधी खाली वाढते

ऑगस्टच्या मध्याला नवापूर तालुक्यातल्या एखाद्या मिश्र पिकाच्या बांधावर उभं राहा. दिसते ती ज्वारी, छातीला लागलेली. तूर शोधायची तर ओळींमध्ये वाकावं लागतं, तेव्हा कुठे गुडघ्यालाही न पोचलेली रोपं सापडतात. पेरणी दोन्हींची एकाच पावसावर झालेली. नवख्याला वाटतं, ज्वारीने बिचारीला दाबून टाकलं.

ती दबलेली नसते, खाली वाढत असते. पावसाळाभर तिचा जोर सोटमुळावर असतो आणि खोल जमिनीत ते माणसाच्या उंचीच्याही खाली जाऊ शकतं. ज्वारी कापली जाते, पाऊस परततो, वरची माती तडकायला लागते आणि नेमकी तेव्हा तूर भराला येते. पिवळी फुलं, मग शेंगा, मग साधारण जानेवारीत काढणी. मधल्या दोन-तीन महिन्यांत आभाळातून बहुतेक काहीच आलेलं नसतं. जुलैत मुरलेलं पाणी असं जानेवारीत वरणात उतरतं! नवापूरच्या याच तूरडाळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. (अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत असलेल्या रेल्वे स्थानकासाठी नवापूर जास्त प्रसिद्ध आहे. माझ्या मते मान डाळीचा मोठा.)

तुरीचा एक लांबचा भाऊबंद मात्र इतका खोल जात नाही. घेवडा. फरसबी, राजमा आणि कोरेगावचा पट्टेदार वाघ्या घेवडा ही सगळी एकाच जातीची रूपं, मूळची अमेरिका खंडातली. दोन-तीन महिन्यांत आटोपणारं पीक, मुळं बरीचशी वरच्या थरात. ताण पडला की हा काय करणार?

तो पानं फिरवतो. घेवड्याचं पान बेलासारखं तीन पर्णिकांचं असतं. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी नखाने चाचपता येईल अशी एक बारीक फुगीर गाठ असते. या गाठीच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी कमी झालं की ती बाजू सैल पडते, दुसरी ताठ राहते आणि पर्णिका वळते. लाजाळूचं पान मिटतं तेही अशाच गाठींच्या जोरावर. पाण्याची ओढ असलेला घेवडा भर दुपारी पर्णिका अशा वळवतो, की सूर्याकडे पानाचा पसारा नाही, कड येते. ऊन अंगावर न घेता बाजूने जाऊ द्यायचं. पान कमी तापतं, पाणी कमी उडतं. उन्हं कलली की पानं पुन्हा पसरतात. डोळे नाहीत, स्नायू नाहीत, तरी सूर्याशी कोन साधलेला!

शिवाय पानावरची रंध्रं मिटून घेता येतात. पण रंध्रं मिटली की हवेतला कार्बन डायऑक्साइडही बाहेरच राहतो, म्हणजे पाणी वाचवायचं तर उपास घडतो. म्हणून नुसतं हिरवं राहिलेलं रोप दुष्काळात टिकलं असं म्हणता येत नाही. कोलंबियात पालमिरा इथे घेवड्यावर दीर्घकाळ काम चालू आहे. तिथल्या संशोधकांना दिसलं की ताणात जी वाणं दाणे देतात, ती खोडातला आणि शेंगेच्या सालीतला साठा काढून दाण्यात भरतात. घरातलं किडुकमिडुक मोडून लेकराच्या तोंडात घास घालावा, तसं. सोनोराच्या वाळवंटातला टेपरी नावाचा घेवड्याचा चुलत भाऊ यात आणखी तरबेज, म्हणून त्याच्याशी संकर करून उष्णतेला दाद न देणारी वाणंही काढली गेली आहेत.

तुरीची कमाल मात्र खोल मुळांवरच संपत नाही. तिच्या पानातलं निम्म्याहून जास्त पाणी गेलं तरी पान मरत नाही, पाणी मिळालं की सावरतं. आणि रात्री? रंध्रं मिटलेली असताना खोल ओलीतलं पाणी मुळांवाटे वर चढतं आणि त्यातलं थोडं वरच्या कोरड्या मातीत झिरपतं. तूर आणि नाचणी एकत्र लावून केलेल्या कुंडीतल्या प्रयोगांत हे पाणी शेजारच्या नाचणीला पोचलेलं आढळलं आणि ते पोचवायला मुळांवरच्या बुरशीच्या धाग्यांची मदत झाली. उघड्या शेतात हिशेब इतका सरळ नसतो, कारण दाट लावलेली तूर शेजारणीचं पाणी ओढूनही घेते. ओळींतलं अंतर म्हणूनच महत्त्वाचं.

एवढी चिवट तूर हरते ती पाण्याच्या अतिरेकापुढे. शेतात पाणी तुंबलं, मुळांची हवा तुटली की काही दिवसांत पिवळी पडते. नवापूरसारख्या भरपूर पावसाच्या तालुक्यात म्हणून निचऱ्याची जमीन बघूनच ती पेरावी लागते.

घेवड्याचा खेळ बघायला कोरेगावला जायची गरज नाही. गॅलरीतल्या कुंडीत चार दाणे राजमा पेरा, रोपं चांगली मोठी झाली की एक दिवस पाणी चुकवा आणि कडक उन्हाच्या दुपारी बारा वाजता पानांकडे वरून बघा.