थायरॉइड आहे? भूल घेण्याआधी सांगा

गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात सिझेरियन असो की तिथल्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हर्नियाचे ऑपरेशन, थायरॉइडची गोळी चालू असल्याचे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. उपाशी राहायचे म्हणून ती परस्पर बंद करू नका. सहसा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात. गोळीतले थायरॉक्सिन हे संप्रेरक शरीरात निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, त्यामुळे एखादी गोळी चुकली तर घाबरू नका. खरा धोका उपचारच न घेणाऱ्यांना. थायरॉइडचे संप्रेरक फार कमी असेल तर भूल उतरायला वेळ लागतो, श्वास मंदावतो; फार जास्त असेल तर ताप आणि धडधड जिवावर बेतू शकतात. तातडी नसेल तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतात, ते यासाठीच. गलगंड असून आडवे झाल्यावर दम लागतो? तेही सांगा, श्वासनलिका दबलेली असू शकते.