सहा महिन्यांचा हिशेब

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शन फायलींमध्ये घरच्या बायबलची पानं सापडतात, असं वाचलं होतं. लग्नाचा दाखला नसलेल्या विधवांनी जन्ममृत्यूच्या नोंदींचं पानच कापून सरकारला पाठवलं आणि ते फायलीतच राहिलं. असं एक पान पाहायचं म्हणून मी वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, लोकांचे पूर्वज शोधून देणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या शेजारी जाऊन बसले.

बाई मायक्रोफिल्मच्या यंत्रासमोर पेन्सिलीने महिने मोजत होत्या. दोन, दोन, दीड. "साडेपाच झाले. लागायचे सहा."

हिशेब पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतकऱ्याचा. तिथल्या १७७७च्या कायद्याने १८ ते ५३ वयाच्या गोऱ्या पुरुषांची नावं मिलिशियात लागली, कंपन्यांचे आठ-आठ गट पडले आणि एकेका गटाला दोन महिन्यांसाठी बोलावणं येऊ लागलं. दोन महिने पहारा नाहीतर लढाई, मग पुन्हा शेत. असा तुकड्यातुकड्यांनी लढलेला माणूस कागदावर सलग दिसत नाही. त्यात ८ नोव्हेंबर १८०० रोजी युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि असंख्य कागद गेले. १८३२चा पेन्शन कायदा आला तेव्हा अनेकांचा पुरावा उरला होता तो फक्त आठवणीत.

सत्तरी ओलांडलेला माणूस कौंटीच्या कोर्टात उभा राहायचा. जन्म कधीचा, कुठला? बोलावणं आलं तेव्हा कुठे राहत होतास? स्वतःहून गेलास, की दुसऱ्याच्या बदली? अधिकारी कोण होते? तुझ्या खरेपणाची ग्वाही कोण देईल? दोन वर्षं भरली तर पूर्ण पगार, सहा महिने भरले तर साध्या शिपायाला वर्षाला २० डॉलर, त्याखाली काही नाही. अर्धशतकापूर्वी आपण ऑगस्टात निघालो की सप्टेंबरात, हे या शेतकऱ्याला सांगता येईना. साडेपाच. फायलीच्या क्रमांकाआधी 'आर' पडला: नामंजूर.

मंजूर सैनिकाच्या फायलीला 'एस' असतो, विधवेच्या फायलीला 'डब्ल्यू'. बाई 'आर' दिसला की खुर्ची पुढे ओढतात. नाकारलेला माणूस पुन्हा अर्ज करतो, शेजाऱ्यांना साक्षीला आणतो, सोयऱ्याधायऱ्यांची नावं सांगतो. मंजूर झालेल्याला एवढं बोलावंच लागत नाही.

त्याच 'आर'मध्ये जेहू ग्रँटची फाइल आहे. हा ऱ्होड आयलंडमधला गुलाम १७७७ साली मालकाकडून पळून अमेरिकन सैन्यात गेला, दहा महिने राबला, आणि मग मालकाने येऊन त्याला परत नेलं. म्हातारपणी त्याने पेन्शन मागितली. उत्तर आलं की सेवेच्या काळात तू पळालेला गुलाम होतास, तेव्हा तुझा हक्क नाही. त्याचे सहा महिने केव्हाच भरले होते. हे निर्लज्ज उत्तर वाचून मला संताप आवरेना.

आमच्या शेतकऱ्याचा शोध मात्र अडला होता त्याच्या बायकोपाशी. आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जायचं, प्रत्येक जन्माला, लग्नाला कागद लावायचा. १८९० साली स्थापन झालेल्या 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या संस्थेचं सभासदत्व हवं असेल तर हे करावंच लागतं. तिथे मिलिशियातली सेवा चालते, सहा महिन्यांची अटही नाही. १८५०च्या जनगणनेपर्यंत मागे जाणं त्यातल्या त्यात सोपं, कारण त्या वर्षी घरातल्या, गुलाम नसलेल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं गेलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. १७९०च्या जनगणनेत या शेतकऱ्याच्या नावापुढे, गोऱ्या स्त्रियांच्या रकान्यात, ४ हा आकडा आहे. वयसुद्धा नाही. त्या चौघींत, ज्यांनी हे काम दिलं त्या कुटुंबाची मूळ आजी असणार.

१८५५ साली कायदा सैल झाला. चौदा दिवसांच्या सेवेवरही १६० एकर जमिनीचा हक्क मिळू लागला. शेतकरी गेला होता. त्याची बरीच धाकटी असलेली दुसरी बायको पुढे आली. सहा महिन्यांचा प्रश्न मिटला होता, लग्न सिद्ध करायचं राहिलं होतं. तिने पान कापलं.

पडद्यावर ते आलं. एक कड वाकडीतिकडी कापलेली. मध्यावर तिचं लग्न. त्याच्या वर, वेगळ्या हस्ताक्षरात, नवऱ्याचं पहिलं लग्न आणि एका बाईचं नुसतं नाव, माहेरच्या आडनावाशिवाय. मग त्या पहिलीची मुलं, तिच्या मृत्यूची तारीख, त्यानंतर दुसरीची मुलं. आधीच्या बायकोची नोंद दुसरीने इतकी वर्षं घरात जपली होती. जमिनीसाठी ती सरकारला देऊन टाकावी लागली. बाई पुढे सरकल्या तरी मी त्यांना पुन्हा त्याच पानावर आणत राहिले. शेतकऱ्याने कोर्टात शपथेवर सगळं सांगितलं होतं, अधिकाऱ्यांची नावंसुद्धा. तिचं नाव त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी आपल्या तक्त्यात ते नाव लिहिलं आणि पुढचा रकाना मोकळा सोडला. आता तिचा बाप शोधायचा. त्यासाठी आजूबाजूच्या शेतांच्या मालकांची मृत्युपत्रं काढावी लागतील. लेकीला गाय नाहीतर अंथरूण ठेवताना बाप पुष्कळदा तिचं सासरचं आडनाव लिहितो, असा बाईंचा अनुभव आहे. मृत्युपत्रांची ती बाडं कौंटीच्या कोर्टात असतात. पुढच्या आठवड्यात त्या तिकडे जाणार आहेत, आणि मीही येते म्हणून सांगितलं आहे.